साठ चुली आणि एक वेबसाइट

वेबसाइट मी स्वतः निवडली, हे आधीच सांगून ठेवते. कारण आता जो तो येऊन सांगतो की मूळ कल्पना त्याची. माझ्या नवऱ्याची नव्हती, आणि आमच्या तालुक्याच्या मालेगावातल्या कॉम्प्युटर दुकानवाल्याची तर नाहीच नाही. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, तुमी कायले डोक्याले ताप करून घेता? मी देतो नं करून." एवढं ऐकल्यावर मी पाणी संपवलं आणि उठले. पुढे दीड महिना मी माझ्याच डोक्याला ताप करून घेतला.

माझा धंदा रोडग्यांचा. आमच्याकडे नवस फेडायचा असो की शेतातल्या देवाला जेवण द्यायचं असो, रोडगे आणि वांग्याची भाजी ठरलेली. जाडसर दळलेल्या कणकेचे घट्ट गोळे, आत तेलाचे पदर, आणि भाजायचे ते उघड्यावर, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, राखेत उलटेपालटे करत. भाजून झाले की फोडायचे, वर वरण आणि तूप. दहा माणसांचे रोडगे कुणीही करतं. तीनशेंचे करायचे असतील तर आम्हाला बोलावतात. आम्ही आठ जणी. भाजी माझ्याकडे, लोकांशी बोलणंही माझ्याकडे, आणि कणीक एकीच्याच हाती.

ती आमची कणीकवाली. गावाच्या टोकाला वस्तीत राहते, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, मला वैनी म्हणते. कणीक सैल झाली तर रोडगा आरात बसकण मारतो, फार घट्ट झाली तर आतून कच्चा राहतो. तिचा हात लागला की दोन्ही होत नाही. पाण्याचं माप ती कधी घेत नाही आणि कुणी घ्यायला सांगितलं तर परात सोडून उठते. माझ्यासारखीच आहे, म्हणून आमचं जमतं.

ही बाई दरवर्षी दिवाळी झाली की गाव सोडायची. नवरा वारल्यापासून दिराच्या बिऱ्हाडासोबत वीटभट्टीवर, थेट होळीपर्यंत. आमच्या गावात चुली एकेचाळीस. भाऊबीजेनंतर टेम्पो भरून टोळी गेली की उरतात बावीस. आम्ही गाव असंच मोजतो, चुलींवर. जेवणाचं आवतनही चुलीलाच असतं. चूलबंद आवतन म्हटलं की घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, आलेल्या पाहुण्यासकट, आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. जेवणारी माणसं मात्र मोजायची नाहीत. ते चांगलं समजत नाहीत आमच्याकडे.

श्रावणात एका दुपारी कणीकवाली माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या मुलीची यंदा दहावी होती. मागची दोन वर्षं पोरगी आईबरोबर भट्टीवर गेली होती आणि परीक्षेपुरती परत आली होती.

"वैनी, दिवाळीच्या मांगं मले काम द्या," ती म्हणाली. "होळीपरेंत हाताले काम असलं त मी नाही जात. पोरीची धाव्वी होऊन जाईन."

"भट्टीच्या मुकादमाले कदी सांगा लागते?"

"भाऊबीजेपरेंत थांबतो म्हने. मंग टेम्पो निंगते."

मी हो म्हणाले. हो म्हणायला मी कधी वेळ लावत नाही, खोडच आहे. ती गेल्यावर विचार करायला बसले. हिवाळ्यात आमच्याकडे कामं नसतात असं नाही, पण तुरळक. निम्मी गावं भट्ट्यांवर आणि कारखान्यांवर गेलेली. ज्यांचे नवस राहून गेलेत ते पुण्याला, नागपूरला, संभाजीनगरला. ही मंडळी थंडीच्या सुट्टीत गाडी घेऊन दोन दिवसांसाठी येतात आणि फोनवर शोधतात. फोन त्यांना पनीरवाले दाखवतो. आम्ही त्यात कुठंच नाही. म्हणजे कामं होती, फक्त त्यांना आमचा पत्ता नव्हता. पोरीची दहावी त्या पत्त्यावर अडली होती आणि मी तोंडातून शब्द काढून बसले होते.

तर प्लॅटफॉर्म. वेबसाइट आयती बांधून देणाऱ्या या कंपन्या किती आहेत, हे मला तेव्हा कळलं. मी चार पाहिल्या आणि चारही नीट पाहिल्या. बाजारात वांगी घेताना मी देठापासून बघते, तिथं हे कसं सोडणार.

पहिला प्लॅटफॉर्म फुकट होता. पत्त्याच्या शेपटाला कंपनीचं नाव आणि पानाच्या तळाशी कंपनीच्या मर्जीची जाहिरात. मी माझं पान तयार करून उघडलं तर खाली तयार पराठ्याच्या पाकिटाची जाहिरात. माझ्या रोडग्याच्या पायाशी दुसऱ्याचा पराठा मी खपवून घेणार नव्हते. तो गेला.

दुसरा दुकानदारांसाठी होता. त्यात वस्तू टोपलीत टाकायची सोय. रोडगा टोपलीत टाकला की पुढे विचारायचा: साइज निवडा, रंग निवडा. हे मी कणीकवालीला दाखवलं.

"रंग?" ती म्हणाली. "जयला त काया, नाही त भुरा." जळला तर काळा, नाही तर भुरा, रोडग्याला तिसरा रंग नाही.

तिसरा अगदीच साधा. पांढरं पान, काळी अक्षरं, शाळेच्या नोटीस बोर्डासारखं. फोटो एका रांगेत उभे. प्रश्न आपणच लिहायचे, उत्तरं आपल्याच फोनवर यायची. मी त्याला नाक मुरडलं. मनात म्हटलं, लोकांना वाटेल ग्रामपंचायतीची सूचना आहे.

चौथ्यावर मात्र माझा जीव जडला. काय ते देखणेपण! आयते नमुने शेकड्याने. मी निवडलेल्या नमुन्यात कुठल्याशा परदेशी पावाचा मोठा फोटो होता. तो बोटाने धरून बाजूला सारला आणि तिथं आमच्या आराचा फोटो ठेवला. निखारे असे दिसत होते की हात शेकावेत. मराठी अक्षरं नीट बसली, जोडाक्षरं फुटली नाहीत. जवळच्या जऊळक्याच्या स्टेशनवर फोनला नेटवर्कची एकच काडी येते, तिथं मुद्दाम उभी राहून मी ते पान उघडून पाहिलं. वेळ लागला, पण उघडलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बुकिंगचा फॉर्म आयता होता. तारीख, नाव, गाव, किती जण. समोरच्याने भरलं की त्याला आपोआप निरोप जायचा, 'आपली ऑर्डर पक्की झाली आहे.' आपोआप! मला फोनवर तासतास बोलावं लागणार नव्हतं. वर्षभराचे पैसे एकदम भरून टाकले.

कणीकवालीने फॉर्म दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "चुली कुठी इचारल्या?"

"किती जण इचारलं नं."

"असं कोन सांगते? जेवनारे मोजू नाही."

"पुन्याचे लोकं मोजते," मी म्हणाले. "तायले चूल कुठची माहीत? घरात ग्यास हाये."

"आनि खेड्यातल्या मानसानं भरलं त? एक फोन लावून इचारत जा."

"फोनच लावाचा त वेबसाइट कायले काढली?"

ती उठून घरी गेली. मला वाटलं, मी जिंकले. ही गोष्ट तेव्हा कुणाला सांगितली असती तर अभिमानाने सांगितली असती.

दसरा झाला आणि पहिली ऑर्डर आली. इंझोरी गावची. भरणारा पुण्याचा, जेवण गावात, काकांचा नवस. किती जण: साठ. फोन कुकरच्या शिट्टीच्या वेळी वाजला आणि मी कुकर तसाच सोडून वस्तीपर्यंत पळत गेले. साठ म्हणजे आमच्यासाठी हातचा मळ, पण पहिली होती, आपोआप पक्की झालेली होती. कणीकवाली हसली. फोन लावून विचारा, असं तिने पुन्हा म्हटलं नाही, हे तिचे उपकार.

सोयाबीन घरात आल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही जीप करून सकाळी इंझोरीला पोचलो. साठ जणांचं सामान, वर हात सैल म्हणून वीस जणांचं आणखी. गावात शिरताना कणीकवालीने माझ्या दंडाला धरलं.

"वैनी, धूर पाहा."

"कुठं हाये धूर?"

"तेच त म्हनून राह्यली मी."

सकाळचे साडेनऊ. कोवळं ऊन पडलेलं, गुरं रानाकडे निघालेली, आणि एकाही घरातून धूर निघत नव्हता. दारात बाया निवांत केस विंचरत बसलेल्या. पोरं नवे कपडे घालून हिंडत होती. जीप थांबेपर्यंत मी मनातल्या मनात घरं मोजायला लागले होते.

नवसाचे मालक म्हणजे ते काका, पांढऱ्या टोपीतले ताठ म्हातारे, देवळापाशी गोवऱ्या रचून घेत होते.

"बाबाजी, किती लोकं हाये?" मी विचारलं.

"सांगतलं होतं नं पोराले. साठ."

"साठ मानसं नं?"

"मानसं कोन मोजते व बाई?" ते म्हणाले. "साठ घरं. सारं गाव चूलबंद हाये."

पुतण्याने पुण्याहून फोनवर विचारलं होतं, काका, किती? काकांनी सांगितलं होतं, साठ. त्यात कुणाचंच चुकलं नव्हतं. काका जसे मोजत आले तसंच मोजलं, पोराने ऐकलं ते भरलं. फॉर्म माझा होता. साठ चुली म्हणजे तीनशे माणसं, वर नवसाला आलेल्या लेकीबाळी. आणि त्यातलं एक जरी घर भुकेने कंटाळून चूल पेटवून बसलं असतं, तर म्हाताऱ्याचं आवतन मोडलं असतं, नवस उणा राहिला असता. मी लोकांशी बोलणारी बाई, आणि मी जीपमधली पोती मोजत राहिले.

बोलली ती कणीकवाली. पदर खोचून म्हाताऱ्यापुढे उभी राहिली. "बाबाजी, आमच्याकून सामान कमी आलं. चूक आमची हाये. पन चूल नाही पेटू देत मी कोनाची. घरोघरी कनिक निंगन काय?"

"निंगन," म्हातारे म्हणाले. एवढंच.

मग ती आळीने निघाली. प्रत्येक दारात एक परात, प्रत्येक परातीमागे त्या घरची बाई. तिचं सांगणं एकच: पीठ तुमचं, मळायचं तुम्हीच, दारातच, पण हात मी लावल्याशिवाय गोळा करायचा नाही. ती एका दारातून दुसऱ्या दारात जायची, कणकेत बोटं रोवायची, म्हणायची, "सैल हाये, अजून घ्या," आणि पुढे. साठ दारं केली तिने. माझ्याकडे वांगी कमी होती. काकांच्या शेतातून पोती आली, तरी पुरेना, तेव्हा मी भाजीत कोहळं चिरून घातलं आणि वर कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं की आमच्याकडची पद्धतच अशी आहे. दोन आर पेटवले होते, त्याचे पाच झाले.

दुपारी एका घरातली तरणी सून काडेपेटी हातात घेऊन बसलेली दिसली. मांडीवर तान्हं, ते दुधासाठी रडून लाल झालेलं. तिची सासू आमच्याकडे असं बघत होती की मला जमिनीत जावंसं वाटलं. कणीकवालीने सुनेजवळचं दुधाचं पातेलं घेतलं, आमच्या आराच्या कडेला ठेवून दूध कोमट केलं आणि नेऊन दिलं. काडेपेटीही तिने हळूच उचलून आणली आणि माझ्याकडे दिली.

पंगत बसायला चार वाजले. सगळं गाव जेवलं. एकही चूल पेटली नाही. पहिला रोडगा देवाला गेला आणि दुसरा म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हाताने फोडून कणीकवालीच्या पानात वाढला. मग माझ्याकडे वळले.

"बाई, तुह्या त्या फोनात घरं मोजता येत नाही काय?"

कुणी काही विचारलं की उत्तर माझ्या ओठांवर तयार असतं. त्या दिवशी फक्त म्हणाले, "येतील, बाबाजी."

परतीच्या वाटेत कणीकवालीची बोटं सुजून आली होती. अपमान मी गिळू शकते, पण ती जर आता मुकादमाला हो म्हणाली तर ते माझ्यामुळे, हे मला गिळता येत नव्हतं.

"चूक माही हाये," मी म्हणाले. "तू म्हनली होती."

"मंग बदला."

"काय?"

"ते पान. मले सांगून काय होते, पान बदला."

मी बदलायला बसले तर माझं देखणं पान बदलेना. तारीख, नाव, गाव, किती जण, हे चारच प्रश्न आणि ते पुसता येत नाहीत. स्वतःचे प्रश्न लिहायचे असतील तर वरच्या दर्जाची योजना घ्या. मी त्यांना लिहिलं की आमच्याकडे माणसं मोजत नाहीत. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' तेही आपोआप. बरं, तिथलं लिहिलेलं उचलून दुसरीकडे न्यावं तर तीही सोय नाही. घर भाड्याचं आणि भिंतीत ठोकलेला खिळासुद्धा मालकाचा, असा प्रकार. मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं की प्रश्न कुणी लिहायचे आणि निघताना काय नेता येतं. तेवढं सोडून मी निखाऱ्यांचा फोटो बघत बसले होते.

मग त्या तिसऱ्याकडे गेले, नोटीस बोर्डाकडे. सगळं पुन्हा टाइप केलं. फोटो रांगेत उभे केले, राहू देत उभे. पहिला प्रश्न लिहिला: 'किती चुलींना आवतन आहे?' त्याखाली बारीक अक्षरात: 'शहरातल्या मंडळींनी माणसं सांगितली तरी चालेल. आम्ही आकडा मोठ्याने वाचणार नाही.' आणि शेवटी 'ऑर्डर पक्की झाली'च्या जागी: 'आम्ही फोन करू.' जऊळक्याच्या स्टेशनवर जाऊन पाहिलं. एका काडीवर पान पटकन उघडलं. मी तिथल्या बाकावर बसून एकटीच हसले, माझ्याच नाकाला.

इंझोरीच्या पुतण्याने ते पान त्याच्या पुण्यातल्या गावकऱ्यांना पाठवलं. ज्या गावात आम्ही फजीत झालो त्याच गावाने आमचं नाव केलं, कारण साठ घरच्या बायांनी स्वतः कणीक मळली होती आणि प्रत्येकीला वाटत होतं की रोडगे तिचेच उतरले. दिवाळीपर्यंत मार्गशीर्षातली चार कामं आली, पौषातली तीन, माघातली दोन. प्रत्येक वेळी मी फोन लावला, चुली विचारल्या, कुठल्या महिन्यात किती घरं बाहेर असतात तेही विचारलं. प्रत्येक ऑर्डर कणीकवालीला दाखवली. ती बघायची, मान हलवायची आणि कामाला लागायची. मुकादम मोटरसायकलवर दोनदा येऊन गेला, तिने त्याला चहा पाजला, एवढं मला शेजारणीकडून कळलं. हो म्हणाली का नाही, ते कळलं नाही. मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही, आणि हे लिहिताना मला अजून जड जातं.

भाऊबीजेच्या दुपारी आमच्याच गावचे एक शेतकरी ओट्यावर आले. पौषातल्या रविवारी त्यांच्या मळ्यात जेवण होतं. मी समोर बसले होते, तरी गृहस्थ म्हणाले, "नाही, तोंडी नाही. कंपनीच्या कायद्यानं जाऊ दे," आणि चष्मा लावून स्वतःच्या फोनवर माझं पान उघडलं. कणीकवाली अंगणात बसून मोठी परात राखेने घासत होती. सकाळपासून ती तिच्या भावाकडे जाणार होती आणि गेली नव्हती.

"किती चुलींना आवतन आहे," त्यांनी मोठ्याने वाचलं. "पौष नं? मंग बावीस."

"तेवीस," कणीकवाली म्हणाली.

"बावीस वो. टोळी गेली का दरसाल बावीसच राह्यते."

तिने परात उलटी केली आणि मागची बाजू घासायला घेतली. "तेवीस लिवा, भाऊ. माही चूल हाये यंदा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघत होते, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते. त्यांनी अंगठ्याने दोन पुसला, तीन लिहिला आणि बटण दाबलं. माझ्या मांडीवरचा फोन वाजला. मी तो उचलला आणि आकडा मोठ्याने वाचला. चुलींचाच होता, वाचायला हरकत नव्हती.